पोटखराबा

गेल्या एप्रिलात मी गच्चीवर मोठी परात ठेवली आणि तिच्यात दोन लिटर पाणी ओतलं. आईला वाटलं, कुरडयांची तयारी चाललीय. "गहू कधी भिजत घातलेस?" म्हणाली. मी म्हटलं, शेतातलं पाणी आहे, वाळवतेय. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग काही न बोलता वर गेली आणि परातीवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाकून आली. कावळे तोंड घालतील म्हणून.

पाणी खरोखर आमच्याच शेतातलं होतं. अलिबागच्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या अंगाला आमची थोडी जमीन आहे. शेत म्हणायची सवय आहे म्हणून शेत म्हणायचं. तिथे भात पिकून बरीच वर्षं झाली. आता तिथे उथळ पाणी असतं. पावसाळ्यात गुडघाभर, मार्चमध्ये घोट्याएवढं, मेमध्ये नुसती भेगाळलेली पांढरी जमीन. ते पाणी समुद्राहून खारट आहे का, हे मोजायला माझ्याकडे जिभेशिवाय दुसरं साधन नव्हतं, म्हणून परात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्यावर धुरकट साय आली आणि तळाला पीठ भुरभुरल्यासारखा थर बसला. बोटाला लागेल न लागेल इतका. तो चुनखडीचा असावा. मग बारीक, सुईसारखे कण आले. दाताखाली कचकचले, पण चव काहीच नाही. ते जिप्सम. चौथ्या दिवशी सकाळी वर गेले तर परातीच्या मधोमध मीठ आलं होतं, आणि ते दुकानातल्या मिठासारखं मुळीच नव्हतं. एकेक दाणा चौकोनी, वरून आत खोलगट होत गेलेला, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जाव्यात तसा. लहानपणी आजोळी पाहिलेली पायऱ्यांची विहीर आठवली. नखाएवढी विहीर, आत पाण्याचा थेंब. मी किती वेळ उकिडवी बसून होते कोण जाणे, खालून आईने चहा गार झाल्याचं तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा उठले.

शेवटी परातीच्या कडेला एक चिकट, तेलकट थारोळं उरलं. ते वाळेना. दोन कडक उन्हं खाऊनही सकाळी पुन्हा ओलं. बोट लावून जिभेला लावलं आणि थुंकले. कडू जहर. मॅग्नेशियमचे क्षार. हवेतलं पाणी ओढून घेतात, म्हणून वाळत नाहीत. पावसाळ्यात जाड्या मिठाच्या बरणीला सुटणारं पाणी हा त्यांचाच उद्योग.

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त आपलं खायचं मीठ. पण पाणी आटताना ते सगळे एकदम बाहेर पडत नाहीत, रांगेने येतात. आधी चुना, मग पाणी चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम, दहाव्या हिश्श्याच्या आसपास मीठ, आणि सगळ्यात शेवटी हे कडू. मिठागरात काम केलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. तो पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत खेळवत नेतो ते याचसाठी. नको ते आधीच्या कोंडीत मागे ठेवायचं, हवं ते शेवटच्या कोंडीत धरायचं आणि कडू पाणी वेळेवर सोडून द्यायचं. पेणला, उरणला, खाली शिरोड्याला पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं. शिरोडा म्हटलं की १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवतो, पण त्या मूठभर मिठामागे ही रांग उभी असते हे मला परात ठेवेपर्यंत नीट कळलं नव्हतं.

परातीला कड असते. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, वरून ऊन. खाऱ्या पाणथळीची गोष्ट एवढीच आहे. फक्त परात कधी दोन हात रुंद असते, कधी दोनशे चौरस किलोमीटर.

आमच्या परातीची कड पणजोबांच्या पिढीने घातली. खारेपाट मुळात जमीनच नव्हती. भरतीला पाण्याखाली जाणारं, ओहोटीला उघडं पडणारं खाजण होतं ते. खाडीचाच चिखल गोळ्या-गोळ्याने उचलून, त्यात पेंढा तुडवून, बाहेरून दगड लावून लोकांनी बांध घातले. जुने लोक त्यांना शिलोत्री बांध म्हणतात. बांधात उघाडी. उघाडी म्हणजे एक लाकडी झडप, दुसरं काही नाही. पण अशी बसवलेली की ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं आणि भरती आली की खाडीचं पाणीच तिला दाबून बंद करतं. वीज नाही, मोटर नाही, राखणदार नाही. मला तर देवळाच्या कळसापेक्षा उघाडी मोठी वाटते.

मग पावसावर सोडायचं. कोकणात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो मातीतलं मीठ धुऊन उघाडीतून खाडीला परत करतो. तरी सगळं जात नाही. उन्हाळ्यात माती दिव्याच्या वातीसारखं खालचं खारं पाणी वर ओढते. पाणी उडून जातं, मीठ वर फुलतं. म्हणून इथे आवण काढून लावणी करण्यापेक्षा बियाण्याला मोड आणून ते थेट चिखलात पेरायचं, त्याला रहू म्हणतात. बी सुद्धा साधं नाही. राता, लाल तांदळाचा, खाराला न घाबरणारा. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी वाणं काढली, पण आमच्या घरात नाना अजूनही पेजेसाठी रातेच मागतात आणि मिळत नाही म्हणून रोज नव्याने नाराज होतात.

नाना म्हणजे माझे काका. वय शहाऐंशी. बांधावर चिखल टाकलेल्या माणसांपैकी आमच्या घरात उरलेले एकटे. त्यांच्या वडिलांनी चरीचा संप पाहिला. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं इथल्या कुळांनी खोतांची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बांध घालायचा कुळाने, खांड, म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, बुजवायची कुळाने आणि भात न्यायचं खोताने, हा हिशेब त्या संपाने मोडला. हे मी अशासाठी सांगतेय की या जमिनीच्या प्रत्येक ढेकळाची किंमत कुणी ना कुणी दोनदा दिली आहे. पुढे मी जे म्हणणार आहे ते म्हणताना मला हे सतत आठवत राहतं आणि थोडं अवघडायला होतं.

बांध फुटला तेव्हा मी कॉलेजात होते. आषाढाचं उधाण, त्यात दोन दिवसांची झड, त्यात वारा. रात्री खांड गेली. सकाळी शेतात रोपं नव्हती. राखाडी पाणी होतं आणि त्यात कुणाच्या तरी अंगणातलं तुळशीवृंदावन आडवं पडलं होतं. एकदा खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं तरी भाताचं नाव घ्यायचं नाही. पूर्वी गाव जायचा, घरटी एक माणूस, खांड बांधून यायचा. पण तोवर गाव मुंबई-पनवेलला कामाला गेलेला आणि बांध सरकारचा झालेला. अर्ज झाले, पाहणी झाली, पुन्हा अर्ज झाले. खारेपाटातल्या तळ्यातला जिताडा साहेबलोकांना पोहोचवला की फाईल हलते, असं इकडे गमतीने म्हणतात. आमच्याकडून दोन गेले. मासे गेले, फाईल तिथेच. खांड इतकी रुंदावली की आता तिच्यातून होडी जाते.

बाहेरच्या अंगाला तिवर, म्हणजे खारफुटी, उगवले. पहिल्या वर्षी वीतभर, पाचव्या वर्षी डोक्याच्या वर. आतल्या बांधाने मात्र तग धरला, आणि या दोन बांधांच्या मध्ये आमचं मधलं खाचर अडकलं. तिथे रोजची भरती पोहोचत नाही, म्हणून तिवरही नाही. फक्त अमावस्या-पुनवेची मोठी उधाणं तेवढी कडेवरून आत सांडतात. आणि एकदा आत आलेलं पाणी बाहेर जात नाही, कारण उघाडी कधीच गाळाने बुजली.

पुन्हा तीच परात.

हे मला सुचलं ते मात्र खाचराच्या काठावर नाही, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, बुलढाण्यात, लोणारला. बरीच वर्षं झाली, तेव्हा पाण्याच्या काठापर्यंत उतरता यायचं. आमच्या वाटाड्याने खिशातून हळदीची पुडी काढली, ओल्या बोटाने कागदावर फासली आणि तो कागद तळ्यात बुडवला. हळद लालभडक झाली. "कुंकू," तो म्हणाला. हळदीला खार लावला की कुंकू होतं, हे आमच्या आजीला ठाऊक होतं. अख्खं तळंच कुंकू करतं हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने काठावर ओटी भरली असती. पाणी बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागलं.

लोणार खारं आहे, पण समुद्राचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. उल्का पडून बेसाल्टमध्ये खड्डा झाला, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. कधी झाला यावर अजून भांडण आहे. एक मोजणी सुमारे ५२ हजार वर्षं म्हणते, दुसरी सुमारे ५ लाख ७० हजार. खड्ड्यात पावसाचे ओहोळ येतात, धारेचं गोड पाणी येतं. गोडच. पण गोड म्हणतो त्या पाण्यातसुद्धा दगड झिजवून आणलेला चिमूटभर खार असतोच. नदीला तो समुद्रात नेऊन टाकता येतो. लोणारला टाकायला जागा नाही. ऊन पाणी नेतं, चिमूट मागे ठेवतं. हजारो वर्षं चिमूट-चिमूट. बेसाल्टच्या पाण्यात चुना कमी आणि सोडा जास्त. चुना लवकर संपतो आणि मागे सोडाच साठत जातो, म्हणून हे तळं समुद्रासारखं नुसतं खारट न होता क्षारट झालं. सुरुवातीच्या पाण्यात कशाचं पारडं किंचित जड आहे यावर शेवटी कुठलं तळं होणार ते ठरतं. लवणासुराला मारायला विष्णू दैत्यसूदन होऊन आला, अशी तिथली कथा आहे. असुर मेला असेल, लवण काही गेलं नाही.

परत येताना एसटीत विचार करत होते की कोकणात असं तळं का नाही. उत्तर सोपं आहे. आपल्याकडे आकाशातून इतकं पडतं की कुठलीही परात भरून सांडते, आणि सांडली की मीठ वाहून जातं. खारं तळं व्हायला पाऊस बेताचा आणि ऊन दांडगं लागतं. लोणारचं मीठ घरचं, दगडातून कमावलेलं. आमच्या खाचरातलं उसनं, खाडीने दिलेलं, आणि दर पावसाळ्यात बरंचसं परत केलेलं. पण पावसाळा संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत कोकणातही आकाश कोरडंच असतं. तेवढे सात महिने आमचं खाचर लोणारच्या वाटेने चालत जातं आणि जूनमध्ये पुन्हा शून्यावर येतं.

त्यामुळे एकाच जागी दोन मुलूख नांदतात. ऑगस्टमध्ये तिथे बेडूक ओरडतात आणि वर जवळपास गोडं पाणी असतं. फेब्रुवारीत त्याच जागी बेडूक औषधाला सापडत नाही. काठावर मोरस पसरलेली असते, पानं मणी ओवल्यासारखी फुगीर, खार वाढेल तशी हिरव्याची लाल होत जाणारी. ती भाजीला खुडली तर मीठ घालावं लागत नाही. चिखलात निवट्या असतात. निवटी हा मासा आहे हे शहरातल्या कुणाला पटवायचं म्हणजे कठीण काम. पाण्याबाहेर येऊन कोपरं टेकून बसतो, डोळे डोक्यावर, आणि बघता बघता एक डोळा आत ओढून ओला करून पुन्हा बाहेर काढतो. मी एकदा अर्धा तास एकीसमोर बसले होते. तिने माझी दखल तीनदा घेतली, तीही माझी सावली हलली म्हणून.

आणि पक्षी. शेकाट्या लाल काड्यांवर चालतात, चिखल्या धावतात आणि थांबतात, टिलव्यांचा थवा उडताना एकदम पांढरा होतो आणि वळला की दिसेनासा होतो. चिमणीएवढा टिलवा आर्क्टिकच्या बाजूने उडत येऊन आमच्या पडक्या खाचरात का उतरतो? कारण इथलं जेवण. खार वाढला की बहुतेक मासे टिकत नाहीत, बहुतेक किडे टिकत नाहीत. जे मोजके टिकतात, शेवाळ, खाऱ्या पाण्यातली माशी, तिच्या अळ्या, इवल्या कोळंब्या, त्यांना खाणारं आणि त्यांच्याशी भांडणारं कुणी उरत नाही. मग ते अमाप होतात. गोड्या तळ्यात शंभर जातींचं थोडं थोडं, खाऱ्या तळ्यात चार जातींचं ढिगाने. लांबच्या प्रवाशाला ढीग परवडतो. ठाण्याच्या खाडीतला धाकटा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी धरून सूक्ष्म शेवाळ गाळतो आणि त्याच खाण्यातल्या रंगाने गुलाबी होतो.

लोणारही जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं. मोबाईलवर फोटो फिरले, कुणी अपशकुन म्हणालं, कुणी लॉकडाऊनमुळे हवा शुद्ध झाली म्हणालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं तेव्हा कळलं की उन्हाळ्यात पाणी घटलं, खार वाढला आणि खारातच फोफावणारे, गुलाबी रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्मजीव बळावले. पाऊस आला, रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर यादीत जागा मिळाली. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये.

रामसर हे इराणमधलं गाव, कॅस्पियनच्या काठावरचं. २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळ जागांचा करार तिथे झाला. मला यातली गंमत आवडते: जगातल्या सगळ्या तळ्यांचं पाणी एकत्र केलं तर त्यातलं जवळजवळ निम्मं खारं भरतं, आणि त्यातला सिंहाचा वाटा एकट्या कॅस्पियनचा. पाणथळी वाचवायला माणसं जमली ती जगातल्या सगळ्यात मोठ्या खाऱ्या तळ्याच्या काठी.

तरीही खारं म्हणजे वाया गेलेलं, हे डोक्यातून जात नाही. राजस्थानातलं सांभर तळं पाहिलं तेव्हा आमच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "यहाँ क्या है, नमक है." जयपूरपासून ऐंशीएक किलोमीटरवर, क्षितिजापर्यंत सपाट, पांढरं. मेंढा आणि रूपनगढ या नद्या त्यात येऊन थांबतात. म्हणजे थांबायच्या. वाटेत जागोजागी अडवलेल्या पाण्याने आणि उपशाने त्यांचं येणं रोडावलं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे पक्षी मेले, हजारोंनी. सरकारी मोजणीतच आकडा १८,००० च्या आसपास गेला. बोट्युलिझम, जिवाणूच्या विषाने होणारी बाधा. मेलेल्या पक्ष्यात विष, त्यावर अळ्या, अळ्यांत विष, त्या खाल्ल्या की पुढचा पक्षी. आधी पंख लुळे पडतात, मग पाय, मग मान उचलता येत नाही आणि वीतभर पाण्यात पक्षी बुडतो. मेलेले पक्षी पहिल्याच दिवशी उचलले जाणं किती महत्त्वाचं, हे नंतर सगळ्यांनी लिहिलं. जिथे "नमक है" एवढंच माहीत असतं तिथे पहिल्या दिवशी बघायला कोण जाणार?

अरल समुद्राचं तर सगळ्यांनी वाचलंय. येणाऱ्या नद्या कापसाला वळवल्या, तळं आटलं, आणि तळाचं मीठ वाऱ्यावर स्वार होऊन त्याच कापसावर आणि माणसांच्या छातीत जाऊन बसलं. खारं तळं पाण्याखाली असतं तोवर आपलं मीठ सांभाळून असतं.

आता आमचा कागद. सातबाऱ्यावर या जमिनीचा एक तुकडा पोटखराब म्हणून लागलेला आहे. पोटखराब म्हणजे लागवडीला अयोग्य, त्यावर आकारणी नाही. आमच्याकडे 'पोटखराबा' हा शब्द माणसांनाही लावतात, न कमावणाऱ्या भावाला, लग्न न केलेल्या आत्याला. उरलेलं मधलं खाचर कागदावर आजही भात पिकवतं. आणि २०१७ चे पाणथळ जागांचे केंद्राचे नियम वाचायला घेतले तर पहिल्याच पानावर अडखळायला होतं: पाणथळ कशाला म्हणायचं नाही याची यादी आहे, आणि त्या यादीत भातखाचरं आहेत, मीठ पिकवायला केलेल्या जागा आहेत. म्हणजे टिलव्याला जी पाणथळ दिसते ती कागदाला दिसत नाही. दोन बांध पलीकडे, जिथे तिवर आहेत, तिथे गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला आणि तिच्यात भराव टाकायला बंदी केली, जमीन कुणाचीही असो. तिथे कोयता उचलता येत नाही. मध्ये, जिथे झाड नाही, नुसतं उघडं खारं पाणी आहे, तिथे डंपर येऊ बघतो. उघड्या चिखलासाठी मोर्चा निघालेला मी अजून पाहिलेला नाही.

नाइलाजाने हेही सांगायला हवं की खारफुटीच्या त्या बंदीवर आमच्या गावातले लोक खूश नाहीत. खांड वेळेत बांधली असती तर तिवर आलेच नसते. आता आलेत तर आमची जमीन आमची राहिली नाही, असं ते म्हणतात, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. ज्याचं शेत गेलं त्याला पक्षी दाखवून समजूत काढणं हे मला निर्लज्जपणाचं वाटतं. मोबदला कुणीतरी द्यायला हवा, रोख. पण खांड बांधून भात परत आणणं ही एक गोष्ट, आणि मुरूम टाकून सगळं मिटवणं ही दुसरी.

मुरमाचं बोलणं दिवाळीत सुरू झालं. एजंट आला, गावातल्याच कुणाचा तरी मेव्हणा. जाडजूड फाईल, गोड बोलणं. "ताई, पडीक जागा आहे. भराव टाकू, प्लॉट पाडू. समुद्र जवळ, जेटी जवळ. तुमच्या हिश्श्याचे पैसे एकरकमी." आकडा त्याने तोंडाने सांगितला नाही, कॅल्क्युलेटरवर टाकून माझ्याकडे फिरवला. मी खोटं बोलणार नाही, दोन रात्री झोप लागली नाही. चुलतभावांनी संमती दिली होती. राहिलो मी आणि नाना.

जुलैत उधाण आणि पाऊस एका दिवशी येतात तेव्हा हे खाचर काय करतं, एवढं मी त्याला विचारलं. कारण मी पाहिलेलं आहे. खांडीतून पाणी आत येतं आणि या खोलगटात पसरतं. पसरलं की त्याचा जोर मोडतो, आतल्या बांधाच्या पायाशी ते नुसतं डुचमळत राहतं. बांधामागे दीडशे घरं आहेत. खोलगटच बुजवलं तर तेवढं पाणी कुठे जाईल? एजंट म्हणाला, ड्रेनेज करू की. चांगला पाइप टाकू. मी म्हटलं, उघाडी लावाल? त्याला उघाडी माहीत नव्हती.

नानांना मी फेब्रुवारीत सकाळी गाडीने आतल्या बांधापर्यंत नेलं. पुढे चालत. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. ऊन कोवळं होतं, पाणी आरशासारखं आणि त्यात सत्तरेक शेकाट्या. मला वाटत होतं काहीतरी बोलावं, टिलव्यांबद्दल, लोणारबद्दल. मी अख्खं भाषण तयार करून आले होते. "नाना, ते बघा, किती लांबून येतात माहितीय?"

"दिसतंय गो बाय," ते म्हणाले. "पूर्वी पण यायचे. भात काढला की यायचे."

मग त्यांनी माझा खांदा सोडला. काठी चिखलात रोवली, तिच्या आधाराने खाली वाकले, इतके हळू की मला पुढे होऊन धरावंसं वाटलं, पण धरलं नाही. काठावरच्या पांढऱ्या पापुद्र्याचा एक तुकडा त्यांनी नखाने उचलला, मागची माती झटकली आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटून बराच वेळ चघळत राहिले. शेकाट्या दोन पावलं लांब सरकल्या, एवढंच.

"कडू आहे अजून," नाना म्हणाले. "तीन पावसाळे धुवायला लागतील. चार." बुजलेल्या उघाडीकडे त्यांनी काठीने दाखवलं. "आधी ती मोकळी करायला पाहिजे. लाकूड शिवणीचं घे, दुसरं सडतं."

एजंटाचा कागद घरी शोकेसवर आहे. आईने त्यावर परात ठेवली आहे, उडू नये म्हणून.